बालवर्ग शेताच्या बांधावर

(शब्बाथशाळा व प्राथमिक शाळा यांतील शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

आपल्या मंडळ्यांतील बालके प्रभूची प्रार्थना फार लवकर शिकतात. पाच वर्षांचे मूल रोजच्या भाकरीची विनंती न अडखळता म्हणते आणि ते ऐकून आईवडिलांना व शिक्षकांना समाधान वाटते. परंतु ज्या भाकरीसाठी ते देवापुढे हात जोडते, ती येते कोठून, हे त्याने पाहिलेले असते काय? भाकरी त्याने ताटात पाहिलेली असते, फार तर तव्यावर. तिच्यामागे पिठाची पिशवी आणि पिशवीमागे दुकान, येथे त्याचे ज्ञान संपते. ही शहरातल्या मुलाची गोष्ट झाली. परंतु तालुक्याच्या गावी वाढणाऱ्या अनेक मुलांची स्थितीही आता फारशी निराळी राहिलेली नाही.

पेरणाऱ्याच्या दाखल्याचेही असेच होते. चित्रातला लांब झगा घातलेला मनुष्य पाहून मूल दाखला शिकते आणि बी म्हणजे देवाचे वचन, हे उत्तरही बरोबर देते. पण ज्याने बी कधी हातात घेतले नाही, त्याच्या दृष्टीने हे उत्तर म्हणजे एका न पाहिलेल्या वस्तूची दुसऱ्या न पाहिलेल्या वस्तूशी घातलेली गाठ होय. उत्तर बरोबर असूनही मन रिकामेच राहते.

यास्तव बालवर्गाला वर्षातून एकदा तरी शेतावर न्यावे. मात्र अशी सहल म्हणजे पाठाला दिलेली सुटी नव्हे. ती स्वतःच एक पाठ आहे. हा पाठ कसा घ्यावा, त्यात काय दाखवावे आणि विशेषतः काय बोलू नये, याचा विचार आपण या लेखात करू.

१. प्रभूची शिकवण्याची रीत

प्रभू येशूने डोंगरावर, वाटेत आणि समुद्राच्या काठी शिकवले. आकाशातील पाखरे व रानातील फुले यांच्याकडे त्याने लोकांचे लक्ष वेधले (मत्तय ६:२६-३०). शोमरोनातील विहिरीजवळ त्याने शिष्यांना डोळे वर करून शेते पाहावयास सांगितले (योहान ४:३५). येथे क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी पाहणे, मग अर्थ. पेरणाऱ्याचा दाखला त्याने जमावाला सांगितला. त्याचा उलगडा मात्र शिष्यांनी एकांतात विचारल्यावर केला (मार्क ४:१०-२०). श्रोत्यांच्या मनात प्रश्न उगवण्यास त्याने अवकाश दिला.

शिक्षकाने हीच रीत धरावी. शेतावर पाऊल पडताच प्रत्येक वस्तूवर एकेक बोध सांगण्याचा मोह होतो. ढेकूळ दिसले की कठीण अंतःकरण, काटा दिसला की पाप, पाणी दिसले की पवित्र आत्मा, असे होऊ लागले म्हणजे मुले शेत पाहणे सोडून शिक्षकाच्या तोंडाकडे पाहू लागतात. शेतावर थोडे बोलावे. अर्थ सांगण्यास पुढचा रविवार आहे.

सबंध सहलीसाठी एकच शास्त्रभाग पुरेसा आहे : मार्क ४:२६-२९. मनुष्य बी टाकतो, रात्री निजतो, दिवसा उठतो. बी रुजते व वाढते, पण ते कसे, हे त्याला कळत नाही. आधी अंकूर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. या चार ओव्यांत दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. पेरणे व कापणे मनुष्याच्या हाती. वाढवणे देवाच्या हाती. पौलानेही करिंथकरांस हेच निराळ्या शब्दांत लिहिले (१ करिंथ ३:६-७). तेव्हा मुलांनी घरी नेण्याचा सार इतकाच : भाकरी ही देवाची देणगी आहे, आणि ती कष्टाच्या हातांतून आपल्यापर्यंत येते. यातील एक अर्धा सांगून दुसरा सोडला तर पाठ लंगडा होतो.

२. केव्हा व कोठे न्यावे

महाराष्ट्राच्या पठारावर, अहिल्यानगर, सोलापूर, बीड या भागांत, जानेवारीचा महिना सर्वांत सोयीचा. त्या वेळी रब्बी ज्वारी उभी असते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिची पेरणी होते आणि सुमारे चार महिन्यांत ती पिकते. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तर ज्वारीचे कोठार म्हणून प्रसिद्ध आहे. या पिकात मुलांना सांगण्याजोगे एक नवल आहे. त्याच्या वाढीच्या दिवसांत पाऊस जवळजवळ नसतोच. पावसाळ्याच्या अखेरीस पडलेले पाणी काळी जमीन आपल्या पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवर हे पीक उभे राहते. आकाश कोरडे दिसत असताना मुळे मात्र पीत असतात.

आपले वाचक महाराष्ट्राबाहेरही विखुरलेले आहेत. त्यांनी आपल्या भागातील पीक निवडावे. माळव्यात जानेवारीत गहू हिरवागार असतो. दिल्लीच्या बाजूस त्याच सुमारास मोहरीची शेते पिवळ्या फुलांनी भरलेली असतात. बंगळूरच्या आसपास नाचणी वर्षाच्या अखेरीस कापणीला येते. नागपूरकरांना कापूस व तूर, कोकणातील मंडळ्यांना जुलैमधील भातलावणी दाखवता येईल. पीक कोणतेही असो; त्यात बी, मुळे, कणीस किंवा शेंग, आणि काम करणारी माणसे, एवढे दिसले पाहिजे.

३. पूर्वतयारी

सहलीच्या आठ-दहा दिवस आधी वर्गात एका पसरट डब्यात माती घालून ज्वारीचे दाणे पेरावेत. प्रत्येक बालकाने आपल्या हाताने एकेक दाणा मातीत ठेवावा. पाणी कोणी केव्हा घालावे, हे ठरवून द्यावे. सहलीच्या दिवशी त्यातील दोन-तीन रोपे हळूच उपटून मुलांना दाखवावीत. खाली मूळ, वर पान आणि मध्ये चिकटलेले दाण्याचे रिते होत चाललेले टरफल त्यांना दिसेल. गव्हाचा दाणा मातीत पडून मरतो, या प्रभूच्या शब्दांचे (योहान १२:२४) स्पष्टीकरण या वयात देऊ नये. ते टरफल मात्र अवश्य दाखवावे. वीस वर्षांनी त्या वचनावर प्रवचन ऐकताना त्यांना ते आठवेल.

शेतमालकाची परवानगी आधी जाऊन घ्यावी आणि त्याच दिवशी शेत पाहून यावे. विहिरीला कठडा आहे काय? नसल्यास त्या बाजूस जाऊ नये. अलीकडे औषधाची फवारणी झाली आहे काय? झाली असल्यास दुसरे शेत पाहावे. मुलांच्या पायांत बंद पादत्राणे असावीत आणि पिण्याचे पाणी बरोबर न्यावे. दर पाच मुलांमागे एक मोठे माणूस असावे. ज्वारीची कोवळी पाने वा धाटे मुलांनी तोंडात घालू नयेत. कोवळ्या ज्वारीत विषारी अंश असतो आणि ती खाऊन जनावरेही दगावतात, हे शेतकरी जाणतात.

४. शेतावर काय पाहावे

सकाळी ऊन चढण्यापूर्वी पोहोचावे. बवाज बेथलेहेमाहून आपल्या शेतावर आला तेव्हा त्याने प्रथम कापणी करणाऱ्यांना देवाच्या नावाने अभिवादन केले आणि त्यांनीही त्याला आशीर्वाद दिला (रूथ २:४). आपल्या मुलांनीही शेतात जाताच तेथील काका-मावशींना नमस्कार करावा. मग पुढील चार गोष्टी सावकाश पाहाव्यात.

माती. प्रत्येकाने मूठभर माती हातात घ्यावी. वरची कोरडी आणि वीतभर खालची ओली, असा फरक बोटांना कळू द्यावा. बांधाजवळची पायवाट, मुरमाड कोपरा, काटेरी कडा आणि मधली काळी जमीन, हे सर्व एकाच शेतात असते, हे त्यांनी चालत जाऊन पाहावे. येथे एका गोष्टीची सावधगिरी हवी. कोणत्याही बालकाला, थट्टेनेही, तू खडकाळ जमीन आहेस, असे म्हणू नये. जमीन सुधारते. दगड वेचले जातात, बांध घातले जातात, खत पडते. ज्या शेतकऱ्याने हे केले आहे, त्यालाच त्याबद्दल मुलांना सांगू द्यावे.

पेरणीचे अवजार. गोठ्याजवळ तिफण वा पाभर असल्यास ती दाखवावी. चाड्यात सोडलेले बी नळ्यांतून थेट मातीत कसे उतरते, हे शेतकऱ्याने समजावून सांगावे. आता बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र आले आहे; पण चाड्यावर मूठ धरणे हा शब्द अजून जिवंत आहे. ही तिफण पाहून एखादे चौकस मूल विचारील, की मग दाखल्यातल्या माणसाचे बी वाटेवर कसे पडले? हा प्रश्न फार मोलाचा आहे. पॅलेस्टाईनमध्ये बी झोळीतून घेऊन हाताने फेकीत आणि पुष्कळदा त्यानंतर नांगर फिरवून ते मातीआड करीत. शेतांतून पायवाटा जात, आणि पुष्कळ ठिकाणी मातीच्या पातळ थराखाली चुनखडीचा खडक असे. म्हणून बी चारही जागी पडे. दाखल्यातला पेरणारा निष्काळजी नव्हता; तो त्या देशाच्या रीतीने पेरीत होता.

तण. खुरपणी चालू असल्यास मुलांना आनंद होईल. आपल्याकडे तण दिसले की उपटतात. ज्वारीच्या मुळांवरच जगणारे टारफुला नावाचे तण तर जमिनीवर दिसण्याआधीच खाली पिकाचे सत्त्व शोषू लागलेले असते. मग निदणाच्या दाखल्यात धनी कापणीपर्यंत थांबावयास का सांगतो (मत्तय १३:२४-३०)? कारण त्या देशातील ते तण कोवळेपणी हुबेहूब गव्हासारखे दिसते, ओंबी आल्यावरच ते ओळखू येते आणि तोवर दोघांची मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. तण उपटताना गहूही उपटून येण्याचे भय असते. हे समजलेला शिक्षक आपल्या वर्गाची गहू व निदण अशी वाटणी कधी करणार नाही. ती वाटणी प्रभूने स्वतःकडे राखून ठेवली आहे.

कणीस. मालकाला विचारून एक पिकत आलेले कणीस घ्यावे आणि दाणे मोकळे करून फडक्यावर पसरावेत. प्रत्येक बालकाने दहा-दहा दाण्यांचे ढीग लावावेत. ढीग लावून मुले थकतील, पण दाणे संपणार नाहीत. चांगल्या कणसात हजाराहून अधिक दाणे असतात. मग एक दाणा तळहातावर ठेवून सांगावे, की हे सर्व अशा एका दाण्यापासून आले. इसहाकाला शंभरपट पीक मिळाले (उत्पत्ती २६:१२), हे ऐकताना त्यांना यापुढे शंभर हा आकडा नुसता आकडा वाटणार नाही. शिक्षकाने एका भाकरीपुरती ज्वारी वाटीत मोजून बरोबर न्यावी आणि या कणसाचे दाणे शेजारी ठेवून, एका भाकरीला किती कणसे लागतील, हे मुलांनाच ठरवू द्यावे.

हे दाणे कसे वाढले, असे एखाद्याने विचारलेच, तर पाणी, माती, ऊन यांविषयी जे ठाऊक आहे ते सांगावे आणि त्यापुढे मला ठाऊक नाही, असे मोकळेपणाने म्हणावे. मार्कातील तो शेतकरीही तसेच म्हणाला असता.

५. राबणारे हात

आता या पाठाच्या गाभ्याकडे वळू. सहलीला गेलेली मुले बहुधा बैल पाहतात, विहीर पाहतात, झाडावर चढतात आणि ज्या बाया सकाळपासून वाकून काम करीत असतात, त्यांच्यापुढून निघून जातात. तसे होऊ देऊ नये. मालकाशी आधी बोलून पाव तास त्यांना मुलांजवळ बसू द्यावे, आणि त्या वेळेमुळे त्यांच्या मजुरीत काही कपात होणार नाही, हे शिक्षकाने स्वतः पाहावे. मुलांनी विचारावे : मावशी, आपण सकाळी किती वाजता आलात? हे काम आपणांस कोणी शिकवले? कोणते काम सर्वांत जड जाते? त्यांना न विचारता छायाचित्र काढू नये. त्या प्रदर्शनातील वस्तू नाहीत. त्या आजच्या पाठाच्या शिक्षिका आहेत. शेतकऱ्याचे शहाणपण देवाकडूनच आले आहे, असे यशया संदेष्टा सांगतो (यशया २८:२३-२९). केव्हा नांगरावे, काय कोठे पेरावे, कोणते धान्य कसे झोडावे, हे सर्व त्याने देवाच्या शिक्षणात गणले आहे. अक्षरओळख नसलेल्या मावशीच्या हातीही ते शहाणपण असू शकते.

आपणा मराठी ख्रिस्ती लोकांस हा विषय परका नाही. आपल्यातील पुष्कळ कुटुंबांच्या मागील पिढ्यांना स्वतःची जमीन नव्हती. त्या दुसऱ्याच्या शेतात राबल्या, बलुत्यावर जगल्या, आणि कापणीनंतर खाली राहिलेला सरवा वेचून त्यांनी लेकरे वाढवली. सरवा हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांना पवित्र शास्त्र वाचण्यापूर्वीच ठाऊक होता. म्हणून रूथची गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागली नाही. पुढे शाळा आल्या, शिक्षण आले. कोणी शिक्षक झाले, कोणी परिचारिका, कोणी रेल्वेत लागले. ही देवाची मोठी कृपा होय. पण त्याबरोबर आपल्या घरांत एक वाक्यही आले : शिकला नाहीस तर शेतात राबशील. हे वाक्य आपण सहज बोलतो. ऐकणारे मूल त्यातून शिकते, की शेतात राबणे ही शिक्षा आहे आणि राबणारा मनुष्य कमी प्रतीचा आहे. रविवारी भाकरीसाठी देवाचे आभार आणि सोमवारी ती पिकवणाऱ्या हातांची हेटाळणी, या दोन गोष्टी एका मुखात शोभत नाहीत.

देवाच्या नियमशास्त्राने शेताकडे पाहण्याची रीत निराळी घालून दिली. शेताचे कोनेकोपरे पुरते कापू नयेत, सरवा वेचू नये, विसरलेली पेंढी आणावयास मागे फिरू नये, ते गरिबाचे, परक्याचे, विधवेचे व अनाथाचे आहे (लेवीय १९:९-१०, अनुवाद २४:१९-२१). मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी (अनुवाद २४:१४-१५). अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि कापणाऱ्यांचा आक्रोश प्रभूच्या कानी जातो, असे याकोब लिहितो (याकोब ५:४). लहान मुलांना हे सर्व सांगण्याची गरज नाही. त्यांना एवढे सांगावे, की देवाने शेतकऱ्याला एक कोपरा दुसऱ्यांसाठी ठेवण्यास सांगितले होते. मग विचारावे : तुझ्या डब्यातला कोपरा कोणता?

भारतातील सेवकांनीही शेतीला देवाच्या कामात जागा दिली होती. विल्यम कॅरी यांनी १८२० साली कलकत्त्यात कृषी व उद्यानविषयक संस्था स्थापन केली. सॅम हिगिनबॉटम यांनी १९१० साली अलाहाबादजवळ नैनी येथे शेतकी शिक्षणाची संस्था काढली. भुकेल्यास वचन सांगणाऱ्याने त्याच्या शेताचाही विचार केला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

६. हुरडा आणि उपकारस्तुती

हंगाम साधला आणि मालकाची इच्छा असली, तर मुलांना हुरडा द्यावा. आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कोवळे कणीस भाजले जाते आणि मोठी माणसे ते तळहातावर चोळून गरम दाणे मुलांच्या ओंजळीत देतात. शिष्यांनी शेतातून जाताना कणसे मोडून हातांवर चोळून खाल्ली (लूक ६:१), हे वाक्य आपल्याकडच्या मुलाला जितके समजेल तितके क्वचितच कोणाला समजत असेल. इस्राएल लोक प्रथमपिकाच्या अर्पणात विस्तवावर भाजलेली हिरवी कणसे आणीत (लेवीय २:१४), आणि बवाजाने रूथला भाजलेले दाणे पोटभर दिले (रूथ २:१४). मुलांना आगटीपासून दूर बसवावे आणि खाण्यापूर्वी एकाने आभार मानावेत. प्रार्थना मुलांच्या तोंडची असावी. नमुना म्हणून पुढील शब्द देता येतील :

हे स्वर्गीय पित्या, तू माती केलीस, पाऊस दिलास, दाणा वाढवलास, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. ज्या काकांनी पेरले आणि ज्या मावशींनी खुरपले, त्यांना तू आरोग्य दे. त्यांच्या घरीही भाकरी असू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

७. परतल्यावर

पुढच्या रविवारी अर्थाकडे वळावे. आधी मुलांनी पाहिलेले सांगावे किंवा चित्रात काढावे. मग मार्क ४:२६-२९ वाचून विचारावे : शेतकऱ्याने काय केले? त्याने काय केले नाही? ते कोणी केले? वर्गाच्या डब्यात उगवलेल्या ज्वारीकडे पाहून ही उत्तरे त्यांना देता येतील.

घरी विचारण्यासाठी एक प्रश्न द्यावा. महाराष्ट्रात आजोळ असलेल्यांनी आजी-आजोबांना १९७२ च्या दुष्काळाविषयी विचारावे. त्या वेळी घरात काय खाल्ले, हे ऐकावे. इतरांनी आपल्या घरात शेवटी शेती कोणी केली, हे विचारावे. ही उत्तरे वर्गात सांगताना कोणाचे पूर्वज मालक होते आणि कोणाचे मजूर, असा भेद शिक्षकाच्या चेहऱ्यावरही दिसू नये. पृथ्वी व तिच्यावरील सर्व काही परमेश्वराचे आहे (स्तोत्र २४:१), हे वचन त्या दिवशी पाठांतरासाठी द्यावे.

मंडळीत हंगामाची उपकारस्तुती होते तेव्हा लोक धान्य, भाजी, फळे अर्पण म्हणून आणतात. या वर्षी बालवर्गाने त्या शेतातील ज्वारीची एक लहान पेंढी विकत घेऊन आणावी. ज्यांच्या हातांनी ती उभी राहिली, त्या शेतकऱ्याला व त्या मावशींना त्या उपासनेचे आमंत्रण द्यावे आणि ते आले तर त्यांना पुढच्या बाकावर बसवावे.

आणि वर्गात प्रभूची प्रार्थना म्हणताना भाकरीच्या विनंतीपूर्वी शिक्षकाने क्षणभर थांबावे. काही सांगू नये. मुलांना ते शेत आठवेल.